लॅपटॉप नसला तरी पायथॉन

पायथॉन शिकायला लॅपटॉप लागतोच, ही समजूत आमच्या भागात फार खोल रुजली आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. प्रवेश सुरू झाले की कोणाचे तरी वडील दारात येऊन विचारतात, "मॅडम, लॅपटॉप घ्यावाच लागंल का? नायतर पोरीला दुसरा विषय देतो." मुलगा असेल तर हप्त्यावर का होईना लॅपटॉप येतो. मुलगी असेल तर विषय बदलतो. मला याचा त्रास होतो, कारण त्या मुलीच्या हातात त्याच वेळी एक संगणक असतो. तिच्या अँड्रॉइड फोनवर पायथॉन चालतो, आणि पहिल्या वर्षाला जे शिकायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं त्यावर शिकता येतं.

पायथॉन आता हौसेचा विषय उरलेला नाही. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये तो आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९च्या अभ्यासक्रमात तो पहिल्याच वर्षी सगळ्या शाखांना आला, मग मुलगा सिव्हिलचा असो की मेकॅनिकलचा. त्यामुळे "आमच्याकडे लॅपटॉप नाही" हे वाक्य आता हजारो घरांत बोललं जातं.

आधी हे समजून घेऊ की पायथॉन 'चालतो' म्हणजे काय होतं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम ही साधी मजकुराची फाइल असते. ती वाचून तिचे लहान लहान आदेश करणारा आणि ते एकेक पार पाडणारा दुसरा प्रोग्रॅम लागतो, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. पायथॉनचा मुख्य इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे. ज्या प्रोसेसरसाठी सीचा कंपायलर आहे, त्या प्रोसेसरसाठी तो तयार करता येतो. फोनमधला प्रोसेसर एआरएम जातीचा असतो आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल आहे, म्हणजे पायथॉनला ही जागा परकी नाही. गिडो व्हॅन रॉसम यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथॉनचं काम सुरू केलं आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती लोकांसाठी खुली केली. त्या वेळच्या घरगुती संगणकांची मेमरी मेगाबाइटमध्ये मोजायचे. आज साध्यातल्या साध्या फोनमध्येही ती गिगाबाइटमध्ये असते. ताकदीची अडचण नाहीच.

फोनवरचा पायथॉन नवाही नाही. नोकियाने २००४च्या अखेरीस आपल्या सीरीज ६० फोनसाठी पायथॉन दिला होता. भारतात ज्या गुबगुबीत नोकिया ६६००ने एके काळी कॉलेजं गाजवली, त्यावर तो चालायचा. त्यातून एसएमएस पाठवता यायचा. तो फोन आपल्याकडे कितीतरी जणांच्या खिशात होता, आणि त्यात प्रोग्रॅम लिहिता येतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता तरी सांगायला हवं.

सुरुवात करणाऱ्याला मी पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप घ्यायला लावते. प्ले स्टोअरवरून उतरवायचं, उघडायचं, लिहायचं, कोपऱ्यातलं पिवळं बटण दाबायचं. इंटरप्रिटर अ‍ॅपच्या आतच असतो, त्यामुळे एकदा बसवल्यावर नेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते, म्हणून ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. मोफत आवृत्तीत जाहिराती येतात, आणि पुढचा शब्द सुचवण्यासारख्या काही सोयींना पैसे पडतात. पहिल्या वर्षाला त्या सोयी नसलेल्याच बऱ्या. हाताने लिहिलं की लक्षात राहतं.

खरी अडचण येते कीबोर्डची. फोनचा कीबोर्ड गप्पा मारण्यासाठी बनवलेला आहे आणि पायथॉनला नेमकी तीच मदत नडते. वाक्याचं पहिलं अक्षर तो आपोआप कॅपिटल करतो. पायथॉनला कॅपिटल आणि लहान अक्षर वेगळं, म्हणून 'प्रिंट'चा पी मोठा झाला की नेम एरर. बरं, अलीकडच्या आवृत्त्या चूक दाखवतानाच "तुम्हाला हे म्हणायचं होतं का?" असं विचारून बरोबर शब्द पुढे करतात. दोनदा स्पेस दाबली की कीबोर्ड पूर्णविराम टाकतो. आणि सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे अवतरणचिन्हं. नोट्सच्या अ‍ॅपमधून किंवा पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये ती गोलाईदार होऊन येतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पायथॉन मात्र 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून थांबतो. पहिल्याच दिवशी ऑटो-कॅपिटल आणि ऑटो-करेक्ट बंद करायचं, हे मी फळ्यावर लिहून ठेवते.

दुसरी गोष्ट इंडेंटेशनची. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते ते त्यावरून ठरतं. रूढ पद्धत चार स्पेसची. फोनच्या कीबोर्डवर टॅबचं बटणच नसतं, म्हणून पायड्रॉइड कीबोर्डच्या वर टॅब, कंस, कोलन यांची वेगळी पट्टी देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोड मजकूर म्हणून पाठवू नये. तिथे तारा आणि अधोरेखा या चिन्हांनी अक्षरं ठळक किंवा तिरपी होतात आणि चिन्हं दिसेनाशी होतात. प्रोग्रॅमची फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवावी.

कीबोर्डच्या अडचणीवर एक उपाय इतका स्वस्त आहे की मी त्याच्यासाठी सगळ्यांच्या मागे लागते. यूएसबी कीबोर्ड आणि ओटीजी अ‍ॅडॉप्टर. फोनच्या चार्जिंगच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावायचा, त्यात सायबर कॅफेतला असतो तसा साधा कीबोर्ड खुपसायचा. बहुतेक अँड्रॉइड फोन तो लगेच ओळखतात. पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून अशा कीबोर्डवर लिहिणारी मुलगी आणि लॅबमध्ये बसून लिहिणारी मुलगी यांच्या वेगात मला फारसा फरक दिसत नाही.

आता एका खऱ्या प्रोग्रॅमबद्दल सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गवळ्याचं दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) किती हे वहीत उतरतं आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो. गाईच्या दुधाचा मूळ भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे दशांशाला, ठरावीक पैसे कापतात. मग उचल वजा, पशुखाद्याचे पैसे वजा. तिने हे सगळं फोनवर लिहायला घेतलं. नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये ठेवल्या; ती वाचण्याचं सामान पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

प्रोग्रॅम चालला, पण वहीशी मेळ बसेना. फॅट ३.२ लागलं तर ३.५पेक्षा तीन पॉइंट कमी, हे केंद्रावरचं लहान पोरही सांगेल. प्रोग्रॅम दोनच पॉइंट कापत होता. तिला वाटलं, फोनवरचा पायथॉन अर्धवट आहे. तसं नव्हतं. ३.२ हा आकडा दोनच अंकांच्या, शून्य आणि एकच्या, पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, जसा एक-तृतीयांश दशांशात लिहून संपत नाही. संगणक त्याच्या अगदी जवळचा आकडा ठेवतो. त्यामुळे ३.५ वजा ३.२ केलं की पायथॉन ०.३ऐवजी ०.२९९९९९९९९९९९९९९८ सांगतो आणि त्यात ०.१ पूर्ण किती वेळा बसतो असं विचारलं की उत्तर येतं दोन. हा प्रोग्रॅम महागड्या लॅपटॉपवर चालवला असता तरी उत्तर हेच आलं असतं, कारण दशांश साठवायची ही रीत सगळीकडे सारखीच आहे. उपाय सोपा निघाला. फॅट ३.५ न लिहिता ३५ लिहायचं, रुपये न ठेवता पैसे ठेवायचे, सगळं पूर्णांकात मोजायचं आणि शेवटी छापताना भागायचं. हा धडा पुस्तकात एका ओळीत असतो. तिला तो घरातल्या वहीने शिकवला.

तिच्या वहीतले आकडे मराठी होते, आणि इथे पायथॉनने तिला सुखद धक्का दिला. २००८च्या डिसेंबरात आलेल्या पायथॉन ३पासून मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि चलांना देवनागरी नावं देता येतात. दूध, फॅट, भाव अशी नावं तिने सरळ वापरली. वापरणाऱ्याने देवनागरीत १२ टाइप केलं तरी त्याचं पूर्णांकात रूपांतर बिनबोभाट होतं. कोडच्या आत मात्र देवनागरी आकडा थेट लिहिला तर चालत नाही, तिथे इंग्रजी आकडेच लागतात. आणखी एक मौज: 'क्षेत्र' या शब्दाची लांबी विचारली तर पायथॉन ७ सांगतो. पाय मोडण्याची खूण, मात्रा असं सगळं तो सुटं मोजतो. म्हणून गवळ्यांची नावं एकाखाली एक मांडली की रकाने वाकडेतिकडे होतात. तिने नावांआधी सभासद क्रमांक टाकून नावं शेवटच्या रकान्यात नेली.

पुढे तिला प्रत्येक गवळ्याला बिलाचा एसएमएस पाठवायचा होता. त्यासाठी टर्मक्स लागतं. टर्मक्स म्हणजे फोनमध्ये लिनक्सची कमांड लाइन. त्यात पॅकेज बसवायची एक कमांड दिली की पायथॉन येतो, आणि 'टर्मक्स एपीआय' हे जोड-अ‍ॅप घेतलं की फोनची बॅटरी, कॅमेरा, एसएमएस यांच्यापर्यंत प्रोग्रॅमचा हात पोचतो. टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या दुकानातून घ्यावं. कारण असं: अ‍ॅपने स्वतः उतरवलेली आणि आपल्या फोल्डरात लिहिलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवायची नाही, असा सुरक्षेचा नियम अँड्रॉइड १०च्या काळात आला. टर्मक्सचं तर सगळं काम अशा फाइल चालवण्यावरच. म्हणून प्ले स्टोअरवरची आवृत्ती २०२०पासून कित्येक वर्षं अडकून पडली, सुधारणा एफ-ड्रॉइडवर येत राहिल्या. दोन्हींकडची अ‍ॅपं एकत्र बसवू नयेत. त्यांच्या सह्या वेगळ्या असतात आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत.

टर्मक्समध्ये नमपायसारखी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, पिप या पायथॉनच्या नेहमीच्या साधनाने बसवायला गेलात तर फोन तासन् तास तापतो आणि बहुधा शेवटी चूकच दाखवतो. लिनक्ससाठी आधीच बांधून ठेवलेल्या लायब्रऱ्या जीलिबसी या पायावर उभ्या असतात, अँड्रॉइडचा पाया आहे बायोनिक. बोल्ट त्याच मापाचा, पण आटे वेगळे. मग पिप ती लायब्ररी फोनवरच नव्याने बांधू पाहतो. त्यापेक्षा टर्मक्सने स्वतः बांधून ठेवलेलं नमपायचं पॅकेज घ्यावं. आणि अँड्रॉइड १२पासून मागे चालणाऱ्या उपप्रक्रिया ३२च्या वर गेल्या की सिस्टिम त्या मारून टाकते, हेही लक्षात असू द्यावं. प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर दर वेळी आपल्या कोडचा दोष नसतो.

एसएमएसच्या परवानगीबद्दल मी तिला थांबवलं, आणि हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कोठडीत असतं. पायड्रॉइडमधला प्रोग्रॅम तुमच्या बँकेच्या अ‍ॅपच्या फाइल वाचू शकत नाही. पण एसएमएस वाचायची परवानगी दिलीत की ओटीपीही वाचता येतो, आणि यूपीआय त्याच फोनवर असतं. कोणी पाठवलेला कोड न वाचता चालवायचा नाही, लायब्ररीचं नाव एकेक अक्षर तपासून घ्यायचं. मिळत्याजुळत्या नावाने घातक पॅकेज टाकण्याचे प्रकार झालेले आहेत. शेवटी तिने प्रत्येकाच्या बिलाची मजकूर-फाइल बनवली आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर हातानेच पाठवते.

तिसरी वाट ब्राउझरची. काहीच बसवायला जागा नसलेल्या फोनवर हीच उरते. इथे एक फरक पक्का समजला पाहिजे: कोड चालतो कुठे? गुगल कोलॅब उघडलंत तर तुम्ही लिहिता फोनवर, चालतो तो गुगलच्या सर्व्हरवर. मोठा डेटा, मशीन लर्निंग यांसाठी हे उत्तम. मर्यादेत जीपीयूही फुकट मिळतो. पण रेंज गेली की काम थांबतं, आणि बराच वेळ हात लावला नाही तर सत्र तुटून तात्पुरत्या फाइल जातात. कोडची नोटबुक ड्राइव्हवर राहते, चढवलेली डेटाची फाइल राहत नाही.

याउलट ज्युपिटरलाइट हे वेबपान. त्याच्या पोटात पायोडाइड आहे. मोझिलामध्ये २०१८ साली मायकल ड्रोटबूम यांनी पायथॉनचा इंटरप्रिटरच वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात, आणला. पान एकदा उतरलं की प्रोग्रॅम तुमच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो, नमपाय आणि पांडाज या लायब्रऱ्यांसकट. पहिल्यांदा उघडायला वेळ आणि डेटा लागतो. मधेच फोन आला, तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर गेलात आणि मेमरी कमी पडली, तर ब्राउझर ते पान मिटवू शकतो. म्हणून लिहिलेलं वरचेवर फाइलमध्ये उतरवून घ्यावं.

आयपॅडबद्दल थोडक्यात, कारण आमच्या वर्गात तो कोणाकडे नसतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांकडे असेल. अ‍ॅपलच्या नियमानुसार अ‍ॅपला बाहेरून यंत्रभाषेतला कोड उतरवून चालवता येत नाही, जे लागेल ते सहीसकट अ‍ॅपमध्येच असावं लागतं. म्हणून ज्या लायब्रऱ्या निव्वळ पायथॉनमध्ये लिहिल्या आहेत त्याच नंतर बसवता येतात. या चौकटीत ओले झॉर्न यांनी २०१२मध्ये आणलेलं पायथॉनिस्टा हे विकतचं अ‍ॅप देखणं आहे. फुकट हवं असेल तर ए-शेल आहे.

ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३पासून अँड्रॉइड आणि आयओएस ही अधिकृतपणे पाठिंबा असलेली ठिकाणं झाली. रसेल कीथ-मॅगी आणि माल्कम स्मिथ यांनी त्यासाठी चिकाटीने काम केलं. पाठिंब्याच्या पायऱ्यांत ही सर्वांत खालची, तिसरी पायरी आहे. आणि यातून तुमच्या फोनवर नवं बटण येत नाही. पण इतकी वर्षं अँड्रॉइडसाठी ज्याने-त्याने वेगळी ठिगळं लावायची, ते आता मूळ कोडमध्येच तपासलं जातं. ऑक्टोबर २०२५च्या ३.१४मध्ये तर अँड्रॉइडसाठी तयार बांधणीही पायथॉनकडूनच मिळू लागली. अ‍ॅप बनवणाऱ्यांचं काम यामुळे हलकं होईल.

आता ज्यांना थोडे पैसे घालता येतील त्यांच्यासाठी. क्रोमबुकमध्ये २०१८पासून लिनक्सचा कप्पा उघडता येतो. तो डेबियन असतो आणि त्यात पायथॉन मिळतो. शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर मात्र शाळा तो कप्पा बंद ठेवू शकते, घेण्याआधी विचारून घ्या. त्याहून मला आवडणारा पर्याय म्हणजे घरातला जुना लॅपटॉप. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ न चालणारी यंत्रं कपाटात गेली. त्यांवर लिनक्स मिंट किंवा लुबुंटू टाकलं की चार जीबी मेमरीतही काम होतं. लिहायला थॉनी घ्यावं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी बनलेला हा संपादक आहे, आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल चालताना चलांच्या किमती कशा बदलतात ते तो दाखवतो. जुन्या यंत्रावर जड संपादक आणि ब्राउझरची दहा पानं एकदम उघडलीत तर दोष पायथॉनला देऊ नका. नव्या डेबियनवर आणि त्याच्या कुळातल्या लिनक्सवर पिप थेट लायब्ररी बसवू देत नाही, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असं म्हणून अडवतो. तेव्हा घाबरू नये. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे लायब्रऱ्यांसाठी वेगळा कप्पा, बनवायची एक कमांड द्यावी आणि त्यात बसवावं.

फोन कधी पुरत नाही, हेही सांगते. प्रोग्रॅम चार-पाच फाइलमध्ये विभागला गेला, एका बाजूला कोड आणि दुसऱ्या बाजूला दस्तऐवज उघडून बघायची वेळ आली, दोघांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा ठरला, की सहा इंचांचा पडदा हात बांधतो. हे साधारण दुसऱ्या वर्षी होतं. म्हणून फोनवर पायथॉन चालतो हे ऐकून कोणी लॅबचा खर्च कमी करायला निघालं, तर माझा त्याला ठाम विरोध आहे. आमच्या मुली शेवटच्या एसटीने गावी जातात. तास संपल्यापासून ती गाडी सुटेपर्यंत लॅब उघडी हवी आणि ग्रंथालयात पुस्तकांसारखे घरी न्यायला कीबोर्ड आणि ओटीजी अ‍ॅडॉप्टर हवेत. तसा अर्ज मी यंदा दिला आहे. कीबोर्ड आले आहेत. लॅबच्या वेळेसाठी पुन्हा जाणार आहे.